समुद्राला ‘वाया’ जाणारे पाणी आणि १८ दिवसांचे मानधन

अंदाजपत्रकाच्या कागदावर आठ ओळी होत्या. प्रवास २६,००० रुपये. मुक्काम १८ रात्रींचा, ८०० रुपयांप्रमाणे १४,४००. दोघांचे जेवण ९,०००. दुभाष्याला रोजचे १,०००, म्हणजे १८,०००. होडीभाडे ६,०००. फोन, डेटा आणि फोटो साठवायची हार्ड डिस्क ५,६००. किरकोळ ३,०००. सगळ्यात खाली ‘वार्ताहराचे मानधन’ असे लिहून त्यापुढे पेनाने गिरवलेले शून्य. एकूण ८२,०००.

कागद पैठण तालुक्यातल्या एका तरुण वार्ताहराचा होता. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मी छत्रपती संभाजीनगरात बसून तालुक्यातल्या पत्रकारांना फेलोशिपचे अर्ज भरायला मदत करतो. त्या शून्यावर मी बोट ठेवले तेव्हा तो म्हणाला, “स्वतःच्या नावापुढं रक्कम लिहायला लाज वाटते, सर.” मी त्यावर म्हणालो, “राहू दे. आकडा कमी असला की देणाऱ्यालाही बरं वाटतं.” हा सल्ला चुकीचा होता. तो किती चुकीचा होता हे पुढच्या वर्षभरात कळले, म्हणून हे प्रकरण लिहून काढतो आहे.

विषय कुठून आला

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. तरी समुद्राचा उल्लेख आमच्याकडे रोज होतो, तो तक्रारीच्या सुरात. प्रत्येक पाणी परिषदेत, प्रत्येक निवडणुकीत एक वाक्य हमखास येते: ‘समुद्रात वाया जाणारे पाणी मराठवाड्याला द्या.’ मीही अग्रलेखांत ते अनेकदा लिहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा हे वाक्य लिहिताना माझ्या मनात जराही शंका नव्हती. ज्याच्या घरी आठवड्याने नळ येतो त्याला समुद्राला जाणारा प्रत्येक थेंब आपल्या तोंडचा वाटणारच.

या वार्ताहराला त्या वाक्याविषयी प्रश्न पडला तो नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे ओढणाऱ्या भोई मंडळींची बातमी करायला तो गेला होता. विषय साधाच होता: कटला-रोहूचे बीज वेळेवर सोडले जात नाही आणि चिलापीने तळे भरून गेले आहे. काठावर जाळ्यातल्या गाठी सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला अहिर माशाबद्दल सांगितले. हाताएवढा जाड, सापासारखा लांब, अंगाला बुळबुळीत. धरण व्हायच्या आधी गोदावरीच्या डोहांत सापडायचा. आपल्याकडे बाजारात वाम मिळते ती वेगळी. अहिर जन्मतो खोल समुद्रात, त्याची पिल्ले नदीच्या मुखातून वर चढतात, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. बाबांना हे प्राणिशास्त्र ठाऊक नव्हते. पण मासा खालून येतो हे त्यांना बापजाद्यांकडून माहीत होते. ते म्हणाले, “आमचं पाणी समिंदराला जातं म्हणून समदे बोंब मारत्यात. समिंदराचं आमच्याकडं यायचं, ते कामून कुणी सांगत न्हाई?”

त्याच रात्री त्याने मला फोन केला. त्याला पैठणपासून गोदावरीच्या मुखापर्यंत जायचे होते आणि एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते: समुद्राला जाणारे पाणी तिथे जाऊन काय करते?

माझ्या मते समुद्र संवर्धनावरचा इतका अस्सल विषय मी कोकणातल्या अर्जांतही पाहिलेला नाही. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले. खाली नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्याच्याही खाली तेलंगणातले पोचमपाड धरण, आणि शेवटी आंध्रात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा. नदी समुद्रापर्यंत पोहोचते ती एवढ्या दरवाजांतून गाळून. पाणी अडते तसा गाळही अडतो, आणि त्रिभुज प्रदेश त्या गाळावरच उभा असतो. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळात भूशास्त्रज्ञांना दख्खनच्या काळ्या कातळाची खूण सापडली आहे. म्हणजे हजारो वर्षे आपल्या रानातली काळी माती तिकडे जाऊन जमीन होत आली. ही बातमी मराठवाड्याची नाही असे कोण म्हणेल?

पैसे कुठे मिळतात आणि कुठे अडतात

म्हणणारे निघाले. पहिला अर्ज ज्या संस्थेकडे गेला, त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले: योजना किनारी भागातल्या पत्रकारांसाठी आहे. त्याच्या स्वतःच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयाचे म्हणणे बरोबर उलटे होते. समुद्र हा आपल्या वाचकाचा विषय नाही, म्हणून खर्च मिळणार नाही. लिहून आणलेस तर बघू. एकाला तो समुद्रापासून फार लांब वाटला आणि दुसऱ्याला समुद्र त्याच्यापासून.

इथे जरा थांबून निधीची रचना सांगितली पाहिजे, कारण तालुक्यातल्या पत्रकारांना ती कोणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदावे समुद्राचे आहे, आणि सर्वांत कमी निधी मिळणाऱ्या उद्दिष्टांत त्याची गणना होते. त्या थोड्या निधीतला बहुतेक वाटा संरक्षित क्षेत्रे, संशोधन, मासेमारी व्यवस्थापन यांकडे जातो. पत्रकारितेच्या वाट्याला त्यातला कण येतो. जो येतो तो प्रामुख्याने परदेशातून. इंटरन्यूजने २००४ मध्ये सुरू केलेले अर्थ जर्नलिझम नेटवर्क पर्यावरणाच्या बातम्यांना छोटी अनुदाने देते. पुलित्झर सेंटरचे ओशन रिपोर्टिंग नेटवर्क समुद्रावर दीर्घ शोधपत्रकारिता करणाऱ्यांना वर्षभर पाठबळ देते. अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत.

इंग्रजीचा अडसर मदतीने पार होतो. कायद्याचा होत नाही. विदेशी योगदान विनियमन कायदा, २०१० याचे कलम ३ नोंदणीकृत वर्तमानपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परदेशी योगदान घ्यायला मनाई करते. कलम ४ मध्ये अपवाद आहेत. त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे पगार, मजुरी किंवा केलेल्या कामाचा मोबदला. सगळा फरक कागदावरच्या शब्दाचा आहे. ‘इतके लेख लिहून द्या, त्याचा मोबदला इतका’ असा करार असेल तर एक गोष्ट, आणि ‘तुमच्या उपक्रमाला साहाय्य’ असे पत्र असेल तर दुसरीच. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक वाट बंद झाली. परदेशी निधी घेण्याची नोंदणी असलेल्या भारतीय संस्थेला तो निधी दुसऱ्या कोणाकडे वर्ग करता येत नाही. पूर्वी मोठी संस्था घेई आणि लहानांना वाटे, तसे आता होत नाही.

आमच्या वार्ताहराला दुसऱ्या अर्जावर एका परदेशी संस्थेचा होकार आला होता. पत्रात शब्द होता ‘अनुदान’. त्याच्या खिशात नोंदणीकृत दैनिकाचे ओळखपत्र. आम्ही ओळखीच्या सनदी लेखापालांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि सांगितले की करार मोबदल्याचा करून मिळत असेल तर बघू, या कागदावर एक रुपयाही खात्यात घेऊ नका. आम्ही तसे कळवले. नव्या कराराला तिकडून चार महिने लागतील असे उत्तर आले आणि आम्ही तो नाद सोडला. पोराच्या डोळ्यांत पाणी आले होते. नकार पचवणे त्याला सवयीचे होते, मिळालेले परत करणे जड गेले.

याच दरम्यान एक तिसरा प्रस्ताव आपणहून चालत आला. परिसरातल्या एका साखर कारखान्याशी संबंधित नेत्याने ‘गोदावरी ते सागर’ मालिका प्रायोजित करायची तयारी दाखवली. पैसे रोख, लगेच. प्रत्येक भागावर त्यांचा फोटो एवढीच अट. तालुक्याच्या वार्ताहराला या प्रस्तावाचा मोह का होतो हे बाहेरच्यांना समजणार नाही. त्याला मिळणारे मासिक मानधन पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनची: वाढदिवसाच्या शुभेच्छा, गळीत हंगामाचा शुभारंभ, दिवाळी विशेषांक. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच मळीमुळे नदीतले मासे मेले तर बातमी किती ओळींची होते, हे मी जिल्हा कार्यालयात बसून तीस वर्षे पाहिले आहे. त्याने त्या नेत्याला नकार दिला. कोणाचेही नाव न घेता, ‘विषय अजून पक्का नाही’ एवढेच सांगून. त्या नकाराची किंमत त्याने दिवाळीच्या जाहिरातींत मोजली.

अखेर एका भारतीय न्यासाने, देशातल्याच देणग्यांवर चालणाऱ्या, अर्ज मंजूर केला. त्यांची कमाल मर्यादा दीड लाखाची होती. आम्ही मागितले ८२,०००, त्यांनी ८२,००० दिले. ६८,००० रुपये आम्ही मागितलेच नव्हते.

नदीचे वेळापत्रक आणि न्यासाचे

पैसे खात्यात आले ऑक्टोबरच्या अखेरीस. खर्च दाखवायची मुदत ३१ मार्च. त्याची बातमी मात्र पावसाळ्यात होती. बाभळीचे दरवाजे १ जुलैला उघडतात. गोदावरीचा लाल पूर समुद्रात उतरतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या गोड्या पाण्याच्या ओढीने हिलसा मासा समुद्रातून नदीत चढतो तोही तेव्हाच. नोव्हेंबरात गेला असता तर रिकामे पात्र आणि बंद दरवाजे बघून परतला असता.

मुदतवाढीसाठी त्याने लिहिलेला ईमेल मी जवळजवळ जसाच्या तसा जाऊ दिला. ‘नदी मार्चमध्ये समुद्राला मिळत नाही, म्हणून मीही मिळू शकत नाही,’ अशी त्याची सुरुवात होती. न्यासाने सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. हे त्यांचे मोठेपण, आणि मी ते मनापासून मानतो. आर्थिक वर्ष बघणाऱ्या लेखाधिकाऱ्याला पावसाळा समजावून सांगणे सोपे नसते.

जुलै आला आणि ते शून्य पुढे येऊन उभे राहिले. या वार्ताहराचे घर चालते ते झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानावर. खरीप पीकविम्याची मुदत साधारण ३१ जुलै. जुलैचा शेवटचा पंधरवडा म्हणजे त्या दुकानाची सुगी. सातबारा, आधार, पासबुक हातात धरून माणसे सकाळी सातपासून पायरीवर बसतात, सर्व्हर रात्री अकराला सुरू होतो, आणि वर्षातली मोठी कमाई त्या दिवसांत होते. नदीचा हंगाम आणि दुकानाचा हंगाम एकच. तो १ जुलैला एका दिवसापुरता बाभळीला जाऊन आला आणि २० जुलैला १८ दिवसांसाठी निघाला. दुकान त्याच्या बायकोने चालवले, सव्वा वर्षाच्या लेकीला काउंटरखाली झोपवून. दोन जणांचे काम एकटीने होत नव्हते, म्हणून बरीच गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली. परतल्यावर तिने वही पुढे ठेवली. आदल्या जुलैपेक्षा ३१,००० रुपये कमी. अंदाजपत्रकात दुभाष्याचे १८,००० होते, नाववाल्याचे ६,००० होते. तिचे काहीच नव्हते.

तिकडे त्याने काय पाहिले

दुभाषी मिळाला तो नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादचा. त्या पट्ट्यात घरात मराठी आणि बाजारात तेलुगू चालते, त्यामुळे शहरातून महागडा माणूस न्यावा लागला नाही. तालुक्याच्या पत्रकाराला हे सुचते, दिल्लीहून येणाऱ्याला सुचत नाही.

धवळेश्वरमला ते तीन दिवस थांबले. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात इथे बंधारा बांधला आणि डेल्टा हिरवागार झाला. आजही तिथे त्यांना देवासारखे मानतात. त्याच बंधाऱ्याने हिलशाची वर चढायची वाट अडवली. समुद्रात असेपर्यंत तिकडचे लोक त्याला विलसा म्हणतात, नदीत शिरला की पुलसा. नदीच्या पाण्यात त्याची चव बदलते आणि एकेका माशाला हजारो रुपये मोजले जातात. मंगळसूत्र विकून का होईना, पुलसा खावा अशी तिकडे म्हणच आहे. नदीकाठच्या लिलावात एक बाई पुलसा वर्तमानपत्रावर ठेवून बसली होती. वार्ताहराने दुभाष्यामार्फत विचारले, यंदा मासा कसा आहे? तिने उलट विचारले, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?

ते उत्तर ऐकून त्याने मला तिथूनच फोन केला होता. “सर, तिला पैठण माहीत नाही. पण वर पाऊस झाला की नाही यावर तिचा संसार चालतो.”

पुढे यानमकडून गौतमीच्या मुखाकडे, कोरिंगाच्या कांदळवनात. नावेतून उतरून तो गुडघाभर चिखलात उभा राहिला. चिखलातून वर आलेली मुळांची बोटे, त्यांच्यामध्ये नखाएवढी कोळंबीची पिल्ले. नावाड्याने मूठभर चिखल पिळून दाखवला आणि सांगितले की पूर कमी आला की इथले पाणी जास्त खारट होते, मग पिल्ले कमी दिसतात. गोडे पाणी, त्यातून येणारी पोषकद्रव्ये आणि गाळ यांच्यावर खाडीतली ही पाळणाघरे चालतात. बंगालच्या उपसागराच्या वरच्या थरातला खारटपणा ठरवण्यात या नद्यांचा मोठा हात आहे. शेवटचे चार दिवस अंतर्वेदीला, वशिष्ठा गोदावरी समुद्राला मिळते तिथे. परतताना त्याने प्लॅस्टिकच्या डबीत तिथला गाळ आणला. डबी अजून त्याच्या दुकानात मॉनिटरच्या शेजारी आहे.

छापून आल्यावर

मालिका चार भागांत आली. वर्तमानपत्राने जागा दिली, ‘वाया’ हा शब्द अवतरणात ठेवायलाही मान्यता दिली. पहिल्याच दिवशी फोन सुरू झाले. बहुतेक रागाचे. आमच्या जनावरांना पाणी नाही आणि तुम्ही समुद्रातल्या माशांची वकिली करता, असे एका शेतकऱ्याने त्याला तासभर सुनावले. तो शेतकरी चूक नव्हता. वार्ताहराने चौथ्या भागात त्याचे म्हणणे पूर्ण छापले आणि मग लिहिले की प्रश्न मराठवाड्याने तहानलेले राहण्याचा नाहीच. पाणी किती वळवायचे, कुठले, आणि खालच्यांसाठी किती सोडायचे, याचा हिशेब मांडताना समुद्राच्या नावापुढे शून्य लिहिले जाते, ते कोणत्या आधारावर, एवढेच त्याला विचारायचे होते.

नाथसागरावर अंक मोठ्याने वाचला गेला. बाबांनी अहिरचा भाग दोनदा वाचायला लावला.

न्यासाच्या अहवालात ‘परिणाम’ असा रकाना होता: किती वाचक, किती शेअर. त्याने त्या तासभराच्या फोनबद्दल आणि नाथसागरावरच्या वाचनाबद्दल लिहिले. मला ते योग्य वाटले. समुद्रावरची बातमी समुद्रापासून दूर वाचली जाते तेव्हा तिचे मोल शेअरच्या आकड्यात येत नाही, आणि निधी देणाऱ्यांनी हे अहवालातून शिकायला हवे.

हिशेब मात्र मला बोचत राहिला. १८ दिवस रस्त्यावर, त्याआधी चार महिने कागद आणि नकाशे, नंतर दोन महिने लेखन. या साऱ्याचे वार्ताहराला मिळाले शून्य, घरातून गेले ३१,०००. पैसे प्रवासाचे मिळाले, दिवसांचे मिळाले नाहीत. बातमी प्रवासात होत नाही, ती दिवसांत होते: लिलावाच्या जागी तीन दिवस नुसते बसून राहण्यात, एकाच नावाड्याला चौथ्यांदा भेटण्यात. ते दिवस कोणीतरी भरून दिले नाहीत तर पुढच्या खेपेला हा मुलगा जाणार नाही, आणि त्याची बायको त्याला जाऊ देणार नाही, तेही बरोबरच असेल. मी न्यासाला फोन करून विचारले की मानधनापुढे शून्य बघून तुम्ही काही बोलला का नाहीत? पलीकडच्या बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, “आम्हाला वाटलं त्यांना पगार असेल.”

या वर्षी त्याने नवा अर्ज केला आहे. विषय अहिर: नाथसागरापासून मुखापर्यंत वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर थांबून, तो मासा शेवटचा कोणी, कधी पाहिला हे विचारत जायचे. अंदाजपत्रक आम्ही दोघांनी नव्हे, तिघांनी बसून केले. वार्ताहराचे मानधन दुभाष्याइतकेच, रोजचे १,०००. त्याखाली नवी ओळ: ‘अनुपस्थितीत दुकान चालवणाऱ्या व्यक्तीसाठी मदतनीस, जुलै महिना.’ ही ओळ तिने स्वतः सांगितली आणि रक्कमही तिनेच ठरवली.

गेल्या आठवड्यात न्यासातून विचारणा झाली की या ओळीला आधार काय? त्याने दुकानाच्या वहीतली दोन जुलै महिन्यांची पाने, विम्याच्या अर्जांच्या नोंदींसह, फोटो काढून पाठवली आहेत.